पिल्लं परत येतात का?

किस्से कुणी जमवत नाही हो, ते साचतात. माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजवर मिठाईच्या रिकाम्या डब्यांचा ढीग आहे ना, तसंच. टाकवत नाहीत, आणि एक काढायला गेलं की सगळे अंगावर! परवा शिकवणीला येणाऱ्या एका मुलाच्या आईने सहज विचारलं, "मॅडम, तुम्ही चौघं लहानपणचे मित्र अजून टिकलात कसे हो?" मी म्हटलं, बसा, चहा टाकते. बाईंचा मुलगा दोनदा बोलवायला येऊन गेला.

तर चौघं म्हणजे कोण? एक मी, शुभा. सावेडीत गणिताच्या शिकवण्या घेते. माझा आवाज मोठा आहे असं शेजारी म्हणतात, त्यांचे कान तिखट आहेत असं मी म्हणते. दुसरा सलीम, पाईपलाईन रोडला इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे त्याचं. तिसरा मंदार, पुण्यात आयटीत आहे आणि जगातलं सगळं त्याला माहीत आहे. चौथा आजिनाथ, म्हणजे आज्या. झेडपीच्या शाळेत गुरुजी आहे. चौघंही सावेडीतल्या एकाच गल्लीत वाढलो आणि आम्हाला एकत्र धरून ठेवलंय ते एका व्हिडिओ गेमने. हसा खुशाल! तोही मारामारीचा नाही, गोंडस गेम.

आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा गेम मिळायचा. वर कॅसेट खुपसायची, वायरवाला रिमोट हातात घ्यायचा आणि आईची हाक येईपर्यंत बहिरं व्हायचं. त्यात एक तलवारबाजीचा गेम भयंकर गाजलेला. एक हिरो, समोर शिंगं असलेले डोंगराएवढे राक्षस. तो इतका चालला की बनवणाऱ्यांनी त्याच राक्षसांची बाळं घेऊन वेगळी सिरीज काढली. तीच शिंगं, पण बाळं बोटाएवढी! गाल फुगलेले, पोटाला एप्रन. मारामारी अजिबात नाही. पहिल्या गेममध्ये ती खाऊचं दुकान चालवतात, दुसऱ्यात बादल्यांत बसून शर्यत लावतात, तिसऱ्यात शेती करतात. नाव जपानीत होतं, ते आम्हाला काय कप्पाळ वाचता येणार? आम्ही सिरीजचं नाव ठेवलं पिल्लू. पिल्लू एक, पिल्लू दोन, पिल्लू तीन, तिन्ही एकाच कॅसेटमध्ये.

*

आता मुलांची पंचाईत बघा. शाळेत सांगणार काय, की आम्ही घरी बसून एप्रनवाली बाळं खेळतो?

सलीमने शक्कल लढवली. तलवारीच्या गेमचं स्टिकर अलगद सोडवलं आणि पिल्लूच्या कॅसेटवर चिकटवलं. मग काय ऐट! "आम्ही रोज राक्षस मारतो!" वर्गातला एक दांडगट पोरगा म्हणाला, मला पण मारायचेत. आला की घरी! गेम माझ्याकडे होता, टीव्हीही माझाच. सलीमचा चेहरा उतरला होता, पण कॅसेट तर लावायलाच लागली.

संगीत वाजलं. राक्षस आला. एप्रन बांधून आला आणि दुकानासमोर झाडू मारायला लागला.

दांडगटाने विचारलं, "हे काय करतायत?"

सलीम एका सेकंदात म्हणाला, "आज त्यांची सुट्टी आहे."

तो पोरगा दिवेलागणीपर्यंत हलला नाही. जाताना हळूच म्हणाला, "उद्या पण सुट्टी असेल का रे त्यांची?"

*

पिल्लू एकमध्ये गिऱ्हाईक यायचं आणि डोक्यावरच्या फुग्यात हवी त्या वस्तूचं चित्र दाखवायचं. त्यात एक पांढरी, खाली फुगीर, वर टोक आलेली वस्तू होती. मी म्हणायचे मोदक. मंदार म्हणायचा कापसाचं बोंड. सलीम म्हणायचा लसूण. यावरून आमची कट्टी व्हायची! अजूनही ती वस्तू काय आहे ते आम्हाला माहीत नाही आणि संकष्टीला सलीम मला "लसूण खाल्लेत का?" असा मेसेज करतो.

पण खरी गंमत वेगळीच. रिमोट खाली ठेवला ना, की बाकीच्या गेममधले हिरो नुसते डुलत उभे राहतात. पिल्लू तसं करत नाही. ते जरा वाट बघतं, मग हातात जे असेल ते खाली ठेवतं आणि त्याच्यावरच बसतं. पिशवी असली तर पिशवीवर, भोपळा असला तर भोपळ्यावर. तुम्ही परत येईपर्यंत बसूनच. कुरकुर नाही, काही नाही.

माझी आई एकदा जेवायला बोलवायला आली आणि टीव्हीकडे बघत उभीच राहिली. म्हणाली, "शुभे, बघ ते बिचारं कसं थांबलंय. तुला मेलीला बसस्टॉपवर पण दम निघत नाही!"

आणि पाऊस! पिल्लूमध्ये पाऊस आला की प्रत्येक पिल्लू एक पान तोडतं आणि आधी शेजारच्याच्या डोक्यावर धरतं. आधी शेजारच्याच्या! त्याचे पॉइंट मिळत नाहीत, पुढची लेव्हल उघडत नाही. कोणीतरी तिकडे बसून, एवढ्याशा चौकोनांत, उगाच ही माया भरून ठेवली. लहानपणी नुसतं आवडायचं. आता चाळिशीत बघताना मला त्या न पाहिलेल्या माणसांच्या पाया पडावंसं वाटतं, खोटं नाही सांगत.

*

आता पिल्लू तीन. आमची खरी भांडणं इथली.

तिसऱ्यात पिल्लांचं गाव आहे. पेरायचं, पाणी द्यायचं, काढणी करायची. काढणी झाली की एकेक पिल्लू डोक्यावर गाठोडं घेतं, वळून हात हलवतं आणि उजवीकडे निघून जातं. उजवीकडे लांब एक उंच चिमणी आहे, धूर सोडणारी. सगळी जातात. गावात एकटं उरतं ते तुमचं पिल्लू, सगळ्यात धाकटं. मग वरून पांढरं पांढरं पडायला लागतं, आणि त्यानंतर काहीच घडत नाही. चूल पेटवा, दिवा लावा, झोपा. परत चूल, परत दिवा.

मंदारने निकाल देऊन टाकला, "मेली ती सगळी. खेळ खल्लास. पहिल्यापासून लावा."

आज्या चवताळला. "मरतील कशाला? कारखाना हाय तो! तोडीला गेलीत. हंगाम संपला की येतील माघारी."

मंदार म्हणाला, "आणि हे पांढरं काय पडतंय मग?"

आज्या डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, "साखर."

सांगायला हवं, की आज्याचं गाव पाथर्डीकडचं. दिवाळी झाली की त्याचे आईवडील टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे, थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. आज्या शाळेसाठी मामाकडे, आमच्या घराच्या मागे. त्यामुळे गाठोडं घेऊन चिमणीकडे चाललेलं कुणी दिसलं, तर ते कुठे चाललंय याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती. एकच गोष्ट त्याला डोळ्यांनी बघायची होती, ती परत येतात ही.

आणि तेच कधी जमलं नाही! त्या कॅसेटमध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. बंद झाला की पुन्हा पेरणीपासून. तो रिकामा हिवाळा सलग खेळला तरच पुढचं काय ते कळणार. आणि आमच्या वेळच्या सावेडीत सलग काय होतं? लोडशेडिंग! दर वेळी हिवाळा निम्म्यात आला की पंखा मंदावायचा, टीव्हीवर एक पांढरा ठिपका उरायचा आणि अख्खी गल्ली एका सुरात ओरडायची, "गेऽऽली!"

आज्या तेव्हा ओरडायचा नाही. रिमोट हातात धरून त्या ठिपक्याकडे बघत बसायचा.

*

आज्याचे आईवडील परत यायचे तो दिवस आमच्या गल्लीत वेगळाच तमाशा असायचा. आई आली की पोरगं धावत जाऊन बिलगेल ना? आज्या नाही! आई कोपऱ्यावर दिसली रे दिसली की हा मागच्या सिमेंटच्या टाकीवर चढून बसायचा. मामा बोलवायचा, मामी खाऊ दाखवायची. त्याचे वडील दोन हाका मारून पाणी प्यायला आत जायचे. आई मात्र खाली गाठोडं ठेवून त्यावर बसून राहायची.

आम्ही खालून बोंबलायचो, "आज्या, उतर की! तुझी आई आलीय!"

वरून आवाज यायचा, "माहितीय!"

*

आता आजचं. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, नाव अर्थातच पिल्लू. त्यावर मागे असंच जुनं काहीतरी चाललं होतं आणि मंदारने टाकलं, "आज्या, मान्य कर आता. ती परत येत नाहीत. गेमच तिथे संपतो. थांबा, आत्ता नेटवर बघून सांगतो."

पाठोपाठ स्क्रीनवर ओळ आली. आजिनाथ ग्रुपमधून बाहेर पडले.

अहो, शिक्षक माणूस! वर्गातल्या पोरांना रोज सांगतो, भांडू नका, आणि स्वतः गोंडस गेमवरून ग्रुप सोडला! मी फोन केला तर म्हणाला, "शुभे, कोणी नेटवर बघितलं तर माझा तुमचा संबंध संपला. बघायचं तर खेळून बघायचं. त्याच कॅसेटवर."

सलीमला फोन लावून म्हटलं, आज्या बिनसलाय. सलीम म्हणाला, "बिनसणारच ना यार. तू त्याला टाकीवर बघितलंयस की नाही?"

मग मंदारला शपथ घ्यायला लावली. आईची नको म्हणाला, लॅपटॉपची घेतली.

*

कॅसेट कुठे होती? आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरला, माझ्या आत्याकडे. माझ्या आतेभावाने नेली ती नेलीच. आम्ही चौघं सलीमच्या गाडीतून गेलो. चहा झाला, पोहे झाले, मग मी विषय काढला.

"आत्या, आमची एक काळी कॅसेट होती बघ. गेमची."

"हाय की. फ्रिजखाली."

"फ्रिजखाली?"

"फरशी उतरती हाय ना. तुमचं त्ये डबडं बरोब्बर बसलं. लई कामाला आलं बघ."

आज्या तिथेच पालथा पडून फ्रिजखाली बघायला लागला. होती! डाव्या पायाखाली, स्टिकरवर तो तलवारवाला हिरो अजून छाती काढून उभा.

मी म्हटलं, "आत्या, ती दे आम्हाला."

"न्हाई द्यायची. फ्रिज हलतो."

मंदार म्हणाला, "आत्या, मी ऑनलाइन स्टँड मागवतो, परवा येईल."

"आन् तवर दूध सांडलं तर? तू पुसाय येनार का पुन्यावरनं?"

आत्यापुढे कुणाचं चालत नाही. मग सलीमची नजर माझ्या पर्सकडे गेली. पर्समध्ये दहावीच्या भूमितीचं गाईड होतं, दहा वर्षं वापरलेलं, माझ्या खुणा-टिपणांसकट. तिघांनी मिळून फ्रिज उचलला, मी "अरे, अरे!" म्हणेपर्यंत अदलाबदल झाली. आत्याने हलवून बघितलं आणि म्हणाली, "आता कसं! त्या डबड्यापरीस ह्येच बरं हाय."

आजही तो फ्रिज माझ्या भूमितीवर उभा आहे आणि वर्गात प्रमेय शिकवताना मला दूध आठवतं.

*

रविवारी सकाळी आज्याच्या फ्लॅटवर जमलो. सलीमने दुकानातून जुना डबा टीव्ही आणि जपून ठेवलेला माझा तो टीव्हीला जोडायचा गेम आणला. कॅसेट घातली, स्क्रीन करडी. आज्याने कॅसेट काढली, तोंडाजवळ नेली.

मंदार ओरडला, "फुंकर मारू नको! फुंकरीने काही होत नसतं, उलट ओल लागून गंज चढतो. नेटवर आहे!"

आज्याने फुंकर मारली. घातली. टँडँडँऽऽ! एप्रनवालं पिल्लू स्क्रीनवर आलं आणि त्याने हात हलवला.

सलीम म्हणाला, "नेटला कळव हां मंद्या."

मंदारचा हात तरीही खिशाकडे जात होता. सवयच ना! शेवटी वहिनींनी, म्हणजे आज्याच्या बायकोने, त्याचा मोबाईल काढून घेतला आणि गव्हाच्या डब्यात पुरला. तासाभराने त्याच्या साहेबाचा फोन आला. गहू थरथरायला लागले. मंदार कोपरापर्यंत हात घालून उचकतोय आणि तोंडाने म्हणतोय, "येस सर, आय ॲम इन अ मीटिंग!"

*

हॉलमध्ये दाराशी आज्याच्या आई बसल्या होत्या, कौसाकाकू. आता लेकाकडेच असतात. पुढ्यात मेथीची जुडी, आणि लक्ष निम्मं मेथीत, निम्मं टीव्हीत.

काढणी झाली. पिल्लांनी गाठोडी उचलली.

काकूंचा हात थांबला. "कुठं चाल्ली ही?"

आज्या टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "तोडीला."

काकूंनी जरा बघितलं. "आन् लेकरू कुनापाशी ठिवलं?"

स्क्रीनवर धाकटं पिल्लू एकटंच उभं होतं. पांढरं पडायला लागलं होतं. काकू परत मेथी निवडायला लागल्या.

*

मग तो हिवाळा. चूल, दिवा, झोप. चूल, दिवा, झोप. लहानपणी मला या भागाचा भयंकर कंटाळा यायचा. या वेळी नीट बघितलं. धाकटं पिल्लू रोज दिवा लावल्यावर उजवीकडच्या खिडकीत तो नेऊन ठेवतं. चिमणीकडच्या खिडकीत! आपण बटन दाबत नाही, ते आपलं आपण करतं. आमच्यापैकी कुणालाच हे आठवत नव्हतं. आज्या म्हणाला, "मला आठवतंय."

आणि ऐन दुपारी, हिवाळा निम्म्यात असताना, लाईट गेली.

पंखा मंदावला. आम्ही चाळिशीची माणसं, चौघांच्या तोंडून नाही पण तिघांच्या तोंडून आपोआप निघालं, "गेऽऽली!" आज्याने रिमोट घट्ट धरला. मी डोळेच मिटले, मला तो पांढरा ठिपका बघायचा नव्हता.

पण संगीत चालूच होतं. डोळे उघडले तर पिल्लू आपली चूल पेटवतंय!

सलीम कोपऱ्यात उभा. पायाशी इन्व्हर्टर, सकाळीच कुणाला न सांगता जोडून ठेवलेला. शिर्डीतल्या मोठमोठ्या लॉजना ज्याचे इन्व्हर्टर लागलेत तो माणूस, पण असा चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता. हात छातीवर ठेवून म्हणाला, "अब्बा विचारायचे, बेटा, एवढे धंदे सोडून बॅटरीचाच का? त्यांना काय सांगणार होतो यार, पिल्लू तीन राहिलंय म्हणून?"

मंदारने उठून त्याला वाकून नमस्कार केला, आणि पहिल्यांदाच नेटवर काय आहे ते सांगितलं नाही.

*

पांढरं पडायचं थांबलं. जमीन हिरवी व्हायला लागली. चिमणीचा धूर बंद झाला.

मग उजव्या कडेला एक शिंग दिसलं. त्यामागे गाठोडं. मग दुसरं. मग रांगच!

मी किंचाळले. सलीमने मंदारला मिठी मारली. मंदार, जो एवढी वर्षं मेली, मेली म्हणत होता, तोच चष्मा काढून पुसत म्हणाला, "आली रे आज्या, आली! तू जिंकलास!"

सगळी पिल्लं येऊन कुंपणापाशी उभी राहिली. जरा मोठी झालेली, जरा काळवंडलेली. आता फक्त धाकट्या पिल्लाने पुढे जायचं होतं. एक बटन.

आज्या बसून होता. अंगठा बटनावर होता, पण हलत नव्हता.

"आज्या, दाब ना! जा पुढे!" आम्ही तिघं ओरडायला लागलो. "अरे, आली ना ती!"

आज्या म्हणाला, "माहितीय."

अंगठा हलला नाही. धाकटं पिल्लू घराच्या आडोशाला उभं. कुंपणापाशी पिल्लांनी जरा वाट बघितली, मग डोक्यावरची गाठोडी खाली ठेवली आणि त्यांच्यावर बसली.

"आज्या!" मी ओरडले. "आता काय झालं तुला?"

मागून कौसाकाकूंचा आवाज आला. मेथीची काडी हातात तशीच होती आणि त्या टीव्हीकडे बघत होत्या.

"वरडू नका गं त्याला. त्याला येळ लागतो. थांबतो आमी."